रेषेतील कंप आणि रेषेतील निवड : संगणकनिर्मित रेखाटनांच्या निमित्ताने

१

'हाताने काढलेली रेषा' या शब्दप्रयोगात समीक्षेने दीर्घकाळ दोन भिन्न गोष्टी एकत्र बांधून ठेवल्या आहेत. रेषा ही हाताच्या हालचालीची खूण असते. तिचे जाडपातळ होणे, किंचित थरथरणे, टोकाशी निमुळते होत जाणे यांत त्या हालचालीचा वेग, दाब आणि थबकणे नोंदले गेलेले असते. त्याचबरोबर रेषा हा एक निर्णयही असतो. वस्तूच्या असंख्य दृश्य गुणांपैकी कोणता कागदावर यावा आणि कोणता कोऱ्या जागेच्या स्वाधीन करावा, हे ती ठरवीत असते. चित्रकाराच्या हातून ही दोन्ही कामे एकाच क्षणी होत असल्यामुळे त्यांचा भेद करण्याची निकड सहसा जाणवली नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडातील चित्रसूत्र रसिकांची प्रतवारी लावताना आचार्य रेषेची प्रशंसा करतात असे सांगते. परंतु ही प्रशंसा हाताच्या सफाईची की रेषेमागील विवेकाची, हा प्रश्न त्या श्लोकापुढे उभा नव्हता. आज तो उभा राहिला आहे आणि तो उभा करण्याचे श्रेय, काहीसे अनपेक्षितपणे, संगणकाकडे जाते.

हाताने काढल्यासारखी दिसणारी रेखाटने संगणकाकडून करवून घेण्याचे प्रयत्न गेली तीन-चार दशके सातत्याने होत आहेत. त्यांच्याविषयीची चर्चा बहुधा दोन टोकांना जाते. एका टोकाला, यंत्राने हाताची नक्कल साधली म्हणून कलावंताची गरज संपली असा निष्कर्ष असतो. दुसऱ्या टोकाला, यंत्राच्या रेषेत 'जिवंतपणा' नसतो असा दावा. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे : रेषेचे मानवीपण तिच्या कंपात, तिच्या अनियमिततेत असते. प्रस्तुत लेखात या गृहीतकाची चिकित्सा करावयाची आहे. या रेखाटनांचा तांत्रिक इतिहास नीट पाहिला, तर कंपाचे अनुकरण हा त्यातील तुलनेने सोपा भाग होता आणि अवघड भाग वगळण्याचा होता, असे दिसते. या भेदाचे परिणाम चित्रसमीक्षेपुरते मर्यादित राहत नाहीत. साहित्यसमीक्षेतील 'शैली' या संकल्पनेपर्यंत ते पोहोचतात.

२

१९९४ साली 'सिग्राफ' या संगणकीय आलेखनाच्या वार्षिक परिषदेत वॉशिंग्टन विद्यापीठातील विंकेनबाख आणि सॅलेसिन यांनी शाई-लेखणीच्या शैलीतील चित्रे संगणकाकडून काढून घेण्याची एक पद्धत मांडली. इमारतीची त्रिमितीय रचना आणि प्रकाशाची दिशा संगणकाला पुरवायची; त्याने छायाचित्रासारख्या सलग छटा न देता केवळ काळ्या रेघांनी चित्र सिद्ध करायचे, असे तिचे स्वरूप होते. लेखणीच्या माध्यमाची मूळ अडचण येथे यंत्रापुढेही आली. शाईला काळा आणि पांढरा एवढेच ठाऊक असते. करडी छटा हवी असेल तर ती रेघांच्या दाटीविरळीतूनच निर्माण करावी लागते. आणि त्याच रेघांनी विटा, कौले किंवा गवत यांचा पोतही दाखवावा लागतो. एकाच रेघेवर अशी दोन कामे पडतात. विंकेनबाख आणि सॅलेसिन यांनी यासाठी रेघांना अग्रक्रम दिले. आधी सर्वांत महत्त्वाच्या रेघा, म्हणजे उदाहरणार्थ विटांच्या कडा, काढायच्या. छटा अजून फिकी असेल तरच पुढच्या क्रमाच्या रेघांना जागा द्यायची. त्यामुळे चित्र लहान-मोठे करताना रेघा नुसत्या ताणल्या किंवा आकसल्या जात नाहीत. त्यांची संख्या बदलते, चित्र नव्याने काढले जाते.

यातील प्रत्येक रेघ तीन घटकांची बनलेली आहे : रेघेचा मार्ग, टाकाचे टोक आणि ज्याला 'रेघेचा स्वभाव' म्हणता येईल असा तिसरा घटक. या तिसऱ्या घटकात रेघेचे लहरणे आणि तिच्यावरील दाब यांचा समावेश होतो. समीक्षक ज्याला हाताचा स्पर्श म्हणत आले, तो येथे एक गणिती फल म्हणून स्वतंत्र ठेवलेला आहे. तो वाढविता येतो, कमी करता येतो, काढूनही टाकता येतो. चित्राचा आराखडा त्यावर अवलंबून नाही.

हाताचा स्पर्श इतक्या सहज सुटा होऊ शकतो याची सूचना त्याआधीच मिळाली होती. ए. मायकेल नोल यांनी बेल प्रयोगशाळेत १९६४ साली, पीट मोंद्रियान यांच्या १९१७ मधील रेषारचनेच्या धर्तीवर, उभ्या-आडव्या पट्टिका यादृच्छिक आकड्यांच्या आधारे मांडणारे एक संगणकचित्र तयार केले होते. १९६६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मूळ चित्र आणि संगणकाचे चित्र यांच्या प्रती १०० व्यक्तींना दाखविण्यात आल्या. मोंद्रियान यांचे चित्र कोणते हे केवळ २८ टक्के लोकांना अचूक ओळखता आले आणि ५९ टक्के लोकांनी संगणकाचे चित्र अधिक पसंत केले. नोल यांच्या विवेचनानुसार, संगणकाच्या चित्रातील अव्यवस्था पाहणाऱ्यांना मानवी वाटली आणि मोंद्रियान यांची शिस्त यांत्रिक वाटली. या प्रयोगावरून कलेच्या मूल्याविषयी काही सिद्ध होत नाही. मात्र अनियमितता हे मानवीपणाचे लक्षण मानण्याची सवय किती खोलवर रुजलेली आहे आणि ते लक्षण किती बेभरवशाचे आहे, एवढे त्यातून निश्चित कळते.

३

खुणेवरून खूण करणाऱ्याकडे जाणे हे अनुमान आहे, आणि कृत्रिम खुणेवरून होणाऱ्या अनुमानाचा प्रश्न भारतीय साहित्यशास्त्राने फार पूर्वी हाताळलेला आहे. अभिनवगुप्ताने अभिनवभारतीत दिलेल्या श्रीशंकुकाच्या मतानुसार, नटाने दाखविलेले अनुभाव कृत्रिम असूनही प्रेक्षकाला ते कृत्रिम वाटत नाहीत आणि त्यांच्या आधारे तो नटाच्या ठिकाणी स्थायी भावाचे अनुमान करतो. ही प्रतीती यथार्थ नाही, मिथ्या नाही, संशयरूप नाही आणि सादृश्यरूपही नाही. चित्रातील घोड्याला 'हा घोडा' म्हणताना जशी प्रतीती होते तशी ती असते. हा चित्रतुरगन्याय मराठी समीक्षेला परिचित आहे. संगणकाच्या रेखाटनाला तो लावून पाहिल्यास असे म्हणता येईल, की रेघेचा कृत्रिम कंप हा येथील अनुभाव आणि त्यावरून अनुमित होणारा हात हा येथील स्थायी.

परंतु शंकुकाच्या मतावर भट्ट तौताने घेतलेला आक्षेप या ठिकाणी अधिक उपयोगी पडतो. धुके धुरासारखे दिसते. पाहणाऱ्याला ते धूरच वाटले, तर तो अग्नीचे अनुमान करील आणि ते अनुमान चुकेल. पण हे धुराचे अनुकरण करणारे धुके आहे असे ज्याला माहीत आहे, तो त्यावरून अग्नीचे अनुकरण करणाऱ्या जास्वंदीच्या फुलांचे अनुमान करीत नाही. अनुकृत खुणेवरून अनुकृत वस्तूकडे जाण्याचा मार्ग नसतो.

हा आक्षेप संगणकाच्या रेखाटनाला जसाच्या तसा लागू होतो. रेखाटन यंत्राचे आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याचे हाताविषयीचे अनुमान केवळ चूक ठरते. हा फसगतीचा प्रश्न आहे आणि त्याचा विचार नीतीच्या अंगाने व्हावा. ज्याला ते ठाऊक आहे, त्याला त्या रेघेतून 'अनुकृत हात' भेटत नाही. तरीही त्याच्या दृष्टीने ती रेघ निरर्थक होत नाही. मग तिचा अर्थ कोठून येतो?

याचे एक उत्तर वास्तुरचनेच्या क्षेत्रातून मिळते. १९९६ साली जर्मन संशोधकांनी वास्तुकार आणि वास्तुकलेचे विद्यार्थी यांच्याकडून एकाच रचनेची नीटस संगणकीय आरेखने आणि कच्च्या हाताने काढल्यासारखी भासणारी संगणकीय रेखाटने यांविषयी मते मागविली. आराखड्याच्या आरंभीच्या टप्प्यावर ग्राहकापुढे ठेवण्यासाठी कच्च्या रेखाटनाला पसंती मिळाली. त्याचे कारण उघड आहे. डळमळती रेघ 'अजून काही पक्के झालेले नाही, बदल सुचवा' असे सांगते. येथे कंप हा हाताचा माग राहिलेला नाही. तो एक संकेत झाला आहे. पर्स यांच्या परिभाषेत सांगायचे, तर निर्देशचिन्हाचे संकेतचिन्हात रूपांतर झाले आहे. पाहणाऱ्यांना रेघ यंत्राची आहे हे माहीत असले तरी संकेताचे काम अडत नाही.

४

कंपाचे असे संकेतात रूपांतर होणे संगणकाबरोबर सुरू झाले, असे मात्र नाही. छापील पुस्तकातील 'हस्तनिर्मित' रेषा बहुतेक वेळा पूर्णतः चित्रकाराच्या हातची नव्हतीच. १८६५ सालच्या 'ॲलिस'च्या पुस्तकातील जॉन टेनिअल यांची चित्रे डॅल्झिएल बंधूंनी लाकडी ठोकळ्यांवर कोरली. वाचकाला भेटणारी प्रत्येक रेघ ही टेनिअल यांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड कोरून काढल्यावर उरलेली कड आहे. पेन्सिलीच्या ओघाची स्मृती तीत असली तरी ती हालचाल कोरणाऱ्याच्या अवजाराची आहे, आणि तीही उलट पद्धतीची. विल्यम आयव्हिन्स यांनी मुद्रित प्रतिमांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात कोरीवकामाच्या रेषाजालांना 'वाक्यविन्यास' म्हटले, ते याच अर्थाने. रेघांची ठरीव जुळणी ही एक भाषा होती आणि प्रत्येक चित्र त्या भाषेत अनुवादित होऊनच वाचकापर्यंत जात असे. मराठी नियतकालिकांतूनही वाचकाने दीर्घकाळ पाहिले ते रेखाटन लाइन ब्लॉकवरून उतरलेले होते. मूळ कागदावरील शाईचा दाटफिकेपणा त्या प्रक्रियेत सपाट काळ्या रंगात लुप्त होत असे. एवढे होऊनही चांगल्या चित्रकाराचे रेखाटन सहीशिवाय ओळखू येत असे. स्पर्शाचा मोठा भाग नाहीसा झाल्यावरही जे ओळखू येत होते ते काय होते, हा खरा प्रश्न आहे.

नेल्सन गुडमन यांचे १९६८ सालचे एक उदाहरण येथे आठवते. हृदयस्पंदनाच्या आलेखाची रेषा आणि होकुसाई यांच्या फुजी पर्वताच्या चित्रातील रेषा आकाराने तंतोतंत सारख्या असू शकतील. पण आलेखात केवळ बिंदूंची स्थाने महत्त्वाची असतात. रेषेची जाडी, काळेपणा, कागदाचा आकार यांना तेथे काही अर्थ नसतो. चित्रात मात्र यांपैकी कोणताही गुण आगाऊ निरर्थक ठरविता येत नाही. या दृष्टीने पाहता १९९४ च्या पद्धतीतील लहरणारी रेघ एका विचित्र जागी उभी आहे. ती दिसते चित्रातील रेषेसारखी, पण तिचे लहरणे मार्गावर नंतर चढविलेले आहे. मार्गाच्या दृष्टीने ते आलेखातील शाईच्या जाडीइतकेच आगंतुक आहे. जो गुण बदलल्याने चित्रातील दुसरे काहीच बदलत नाही, तो गुण चित्राचा अर्थ वाहत नाही.

५

याच पद्धतीतील एक भाग मात्र आगंतुक नाही. विटांची भिंत काढताना कुशल चित्रकार सगळ्या विटा काढीत नाही. कडेला, सावलीच्या टोकाशी, खिडकीजवळ काही विटा दाखवितो आणि उरलेली भिंत कोरी सोडतो. पाहणारा ती मनात भरून घेतो. आर्थर गप्टिल यांच्यासारख्या लेखकांच्या शाई-चित्रणावरील जुन्या पाठ्यपुस्तकांतून हा धडा दिला जात असे आणि विंकेनबाख व सॅलेसिन यांनी अशा पाठ्यपुस्तकांचा आधार घेतला होता. कंपाचे सूत्र त्यांना बसविता आले. तपशील कोठे द्यावा आणि कोठे थांबावा याचे सूत्र मात्र त्यांनी पूर्णतः यंत्रावर सोपविले नाही. तपशील कोठे हवा हे दर्शविणारे रेषाखंड वापरणाऱ्या माणसाने चित्रावर आखून द्यायचे आणि यंत्राने त्यांच्या आसपास रेघा भरायच्या, अशी व्यवस्था त्यांनी केली. शेकडो रेघा यंत्र काढते. मोजक्या खुणा माणूस करतो. चित्र सूचक होते ते त्या मोजक्या खुणांमुळे.

पुढे या निवडीचेही नियम शोधण्याचे प्रयत्न झाले. वस्तूची बाह्यकडा कोठे येते हे भूमितीने सांगता येते. २००३ साली डीकार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सूचक कडां'ची कल्पना मांडली : दृष्टिकोन किंचित बदलला असता जेथे बाह्यकडा निर्माण झाली असती, तेथेही रेघ काढावी. गाल, कपाळ, वस्त्राची घडी यांच्या चित्रणात या नियमाने लक्षणीय यश मिळविले. २००८ साली फॉरेस्टर कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्न उलट बाजूने विचारला : माणसे प्रत्यक्षात रेघा कोठे काढतात? चित्रकारांना ठरावीक त्रिमितीय आकारांची रेखाटने करावयास सांगून ती एकमेकांशी आणि त्या वेळी ज्ञात असलेल्या गणिती नियमांशी ताडून पाहण्यात आली. चित्रकारांच्या ७५ टक्के रेघा दुसऱ्या एखाद्या रेघेपासून एका मिलिमीटरच्या आत होत्या. बाह्यकडा सोडून काढलेल्या रेघांपैकीही बहुतेकींचा उलगडा प्रकाशछायेच्या तीव्र बदलांवरून होऊ शकला. १४ टक्के रेघा मात्र त्या अभ्यासात विचारात घेतलेल्या कोणत्याही स्थानिक गुणधर्माने नीटशा स्पष्ट झाल्या नाहीत.

या दोन्ही आकड्यांचा अर्थ सावधपणे लावला पाहिजे. ७५ टक्क्यांचा आकडा स्वच्छंदतावादी समीक्षेला अडचणीचा आहे. रेषेची निवड ही केवळ व्यक्तिगत लहर नसून तिचा मोठा भाग वस्तूने आणि दृष्टीच्या समान व्यवहाराने ठरलेला असतो, असे तो सांगतो. उलट १४ टक्क्यांना 'प्रतिभेचा अंश' मानणे ही तितकीच मोठी चूक ठरेल. नियमाबाहेरच्या त्या रेघांत चुका असतील, शिकविलेल्या सवयी असतील, आणि संपूर्ण आकार लक्षात घेऊन केलेले निर्णयही असतील. स्थानिक गुणधर्म तपासणारी कसोटी या तिघांत भेद करू शकत नाही. तो भेद समीक्षेनेच करावयाचा असतो. आणि तो करताना तिला हात थरथरला की नाही हे विचारून चालत नाही, ही रेघ येथे का आली आणि तिच्या शेजारची का आली नाही, हे विचारावे लागते.

६

कंपाला निवडीपासून असे पूर्णतः तोडता येईल काय, अशी शंका येथे घेतली जाईल, आणि ती रास्त आहे. तिचे उत्तर हॅरल्ड कोहेन यांच्या 'आरॉन' या कार्यक्रमात सापडते. १९६६ च्या व्हेनिस द्वैवार्षिक प्रदर्शनात ब्रिटनचे प्रतिनिधित्व केलेला हा चित्रकार १९६८ साली कॅलिफोर्नियात गेला आणि २०१६ मधील मृत्यूपर्यंत चित्र काढणाऱ्या एका संगणकीय कार्यक्रमावर काम करीत राहिला. आरॉनच्या आरंभीच्या रेखाटनांतील रेषा मुक्तहस्ताने काढल्यासारखी दिसते. पण तिच्यावर कंपाचा थर नंतर चढविलेला नाही. कार्यक्रमाला रेषेचे गन्तव्य ठाऊक असते. तेथवरचा नेमका मार्ग मात्र आधी आखलेला नसतो. तो थोडे पुढे जातो, आपण कोठे आहोत हे पाहतो, दिशा सुधारतो आणि पुन्हा पुढे जातो. रेषेचे हेलकावे हे या सुधारणांचे अवशेष आहेत.

विंकेनबाख-सॅलेसिन यांची रेघ आणि आरॉनची रेषा दिसायला सारखी असू शकेल. फरक असा, की पहिलीत कंप हा रेघेला दिलेला पोशाख आहे आणि दुसरीत तो रेषेच्या निर्णयप्रक्रियेचा परिणाम आहे. यंत्र दोन्हीकडे आहे. तेव्हा हा भेद माणूस आणि यंत्र यांच्यातील नाही. कंपाला अर्थ येतो तो निवडीचा माग म्हणून. निवडीशी संबंध तुटला की तो उरतो केवळ अलंकार किंवा संकेत.

२०२२ नंतर सर्वसामान्यांच्या हाती आलेल्या, असंख्य चित्रांच्या आधारे प्रशिक्षित केलेल्या चित्रनिर्मितीच्या यंत्रणांनी हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा केला आहे. त्या शाई-रेखाटनातील कंप देतात, तसेच कोरी सोडलेली भिंतही देतात. वगळण्याचे अनुकरणही आता साध्य झाले आहे, असे म्हणावे लागते. परंतु १९९४ च्या पद्धतीत तपशील कोठे थांबवायचा हे कोणी ठरविले, याला उत्तर होते. आरॉनच्या बाबतीत नियम कोहेन यांनी लिहिलेले होते. नव्या यंत्रणेत भिंत कोरी राहते ती पूर्वी अनेकांनी अनेक कारणांसाठी भिंती कोऱ्या सोडल्या म्हणून. हे समोरचे घर आणि ही कोरी जागा यांच्यातील संबंधाचा जाब कोणाला विचारायचा, हे तेथे सांगता येत नाही. चित्र पाहून, निवडून, नाकारून पुन्हा मागणारा माणूस ही जबाबदारी पत्करू शकतो. तो ती कितपत पत्करतो यावर त्या चित्राचा समीक्षेशी संबंध येईल किंवा येणार नाही.

७

या साऱ्याचा साहित्यसमीक्षेशी संबंध शैलीच्या संकल्पनेतून येतो. लेखकाची शैली ओळखताना मराठी समीक्षाही पुष्कळदा रेषेतील कंपावर थांबलेली आहे. आवडते शब्द, वाक्याची विशिष्ट ठेवण, विरामचिन्हांच्या सवयी यांची यादी म्हणजे शैलीचा अभ्यास, अशी समजूत अनेक प्रबंधांत आढळते. अशी यादी निरुपयोगी नसते. कर्तृत्वनिर्णयासाठी ती आवश्यकही असते. परंतु यादीत येऊ शकते ते सर्व अनुकरणीय असते, आणि विडंबनकाराने हे समीक्षकाच्या आधीच ओळखलेले असते. केशवकुमारांच्या 'झेंडूची फुले'मध्ये समकालीन कवींच्या लकबी नेमकेपणाने उचललेल्या आहेत. त्या कविता वाचताना मूळ कवीच्या भावाचे अनुमान कोणी करीत नाही. वाचकाला हे धुके आहे हे माहीत असते. त्याला प्रतीत होतो तो विडंबनकाराचा निर्णय : मूळ काव्यातील कोणत्या गोष्टी निव्वळ सवयीच्या झाल्या आहेत याविषयीचा. विडंबन यशस्वी होते ते उचललेल्या लकबींमुळे जितके, तितकेच न उचललेल्या गोष्टींमुळे. लकबी कवीच्या असतात; निवड केशवकुमारांची असते.

म्हणून शैलीचा विचार लकबींच्या नोंदीपासून निवडीच्या कारणांकडे नेणे आवश्यक ठरते. एखाद्या कथेत निवेदक मृत्यूचा प्रसंग एका वाक्यात संपवितो आणि अंगणाचे वर्णन दोन पाने करतो, तेव्हा त्याच्या वाक्यांची सरासरी लांबी मोजून हाती फारसे काही लागत नाही. प्रसंग तेथे का आटोपला आणि अंगणाने ती जागा का घेतली, हा प्रश्न संपूर्ण संहितेला विचारावा लागतो, आणि त्याच्या उत्तराची जबाबदारी समीक्षकाला युक्तिवादाने पेलावी लागते. ही जागा मोजणीतून निसटणाऱ्या १४ टक्क्यांसारखी आहे. ती गूढ नाही. तिचे स्पष्टीकरण स्थानिक पातळीवर मिळत नाही, इतकेच.

संगणकाची रेखाटने कलावंताला पर्याय ठरतील की नाही, हा व्यवसायाच्या दृष्टीने गंभीर प्रश्न आहे आणि रेखाटनांवर उपजीविका करणाऱ्यांना तो टाळता येणार नाही. समीक्षेपुढील प्रश्न वेगळा आहे. थरथर, ओघळ, ओबडधोबडपणा यांच्या आधारे मानवी निर्मितीचे समर्थन करणारी समीक्षा हरणाऱ्या जागेवर उभी आहे, कारण ती जागा १९९४ मध्येच एका गणिती फलाने व्यापली आहे. समर्थन करावयाचेच असेल, तर ते कोऱ्या सोडलेल्या भिंतीचे करावे लागेल. आणि ती कोणी, कशासाठी कोरी सोडली हे विचारण्याची सवय समीक्षेने चित्राच्या बाबतीत आणि कवितेच्या बाबतीत सारख्याच काटेकोरपणे जोपासावी लागेल.